चहांतील अदृश्य विष

चहा चैनीचा कीं गरजेचा, हा वाद आतां संपला आहे. पंचवटींतील यात्रेकरूपासून रविवार कारंजावरील व्यापाऱ्यापर्यंत बहुतेकांचा दिवस चहानेंच उगवतो. अशा वस्तूची पारख मात्र आपण रंग, वास व चव यांवरच करितों. हा भरवसा घातक आहे.

चहांत लोखंडाचा कीस सांपडतो, तो पानें चुरणाऱ्या यंत्राचे रूळ झिजल्यामुळें. घरच्या घरीं चुंबक फिरवून तो ओळखतां येतो. शिशाची गोष्ट निराळी. तें डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेस कळत नाहीं, आणि चुंबकासही दाद देत नाहीं. चहाचें झाड तें जमिनींतून शोषून घेतें. धूर व धूळ यांबरोबर तें पानांवरही बसतें. बहुतेक अंश चोथ्यांतच राहतो हें खरें. परंतु पानें जितकीं अधिक उकळावीं तितकें शिसें पाण्यांत अधिक उतरतें, आणि आपल्याकडे खळखळ उकळल्यावांचून चहास चहा म्हणतच नाहींत!

२०११ च्या केंद्रीय नियमांनीं एक किलो चहांत १० मिलिग्रॅमपर्यंत शिसें क्षम्य मानलें; चीन देशानें हीच मर्यादा ५ ठेविली आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, २०१० सालीं, जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनें शिशाची आपली जुनी साप्ताहिक मर्यादा मागें घेतली. कारण मुलांच्या बुद्धीस अपाय करणार नाहीं असें प्रमाण तिला दाखवितां येईना. मग आमच्या मर्यादेचा फेरविचार नको काय?

तथापि सर्व खापर सरकारच्याच माथीं फोडणें न्यायाचें नव्हे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानकें कायद्याच्या ४० व्या कलमान्वयें ग्राहकास, खरेदीच्या वेळीं विक्रेत्यास तसें सांगून व फी भरून, माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेतां येतो. दोष निघाल्यास फी परत मिळते. हा हक्क बजावणारे ग्राहक किती? उलट, सदोष माल कोणाकडून घेतला हें विक्रेत्यास सांगतां न आल्यास २७ वें कलम त्यालाच जबाबदार धरितें. सबब सुटा चहा विकणाऱ्यानें बिल व लॉट नंबर जपून ठेवणें त्याच्याच हिताचें आहे.

चहा सोडा, असें आमचें सांगणें नाहीं. व्यापाऱ्यांनीं प्रत्येक खेपेबरोबर धातूंच्या तपासणीचा अहवाल मागावा, आणि अन्न व औषध प्रशासनानें नमुन्यांचे निकाल नांवनिशीवार प्रसिद्ध करावे. ज्याचा माल चोख आहे, त्यास या उजेडाची भीति कां वाटावी?