विहिरीवरचा अभ्यास

हवामान बदलाचा धडा पदवीच्या वर्गात पोचला, पण येवल्याच्या शिवारात अजून उतरलेला नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवीसाठी आखलेल्या नव्या चौकटीत हवामान बदलही आला. अभ्यासक्रमाची उणीव नाही. उणीव आहे ती विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात. वितळणारे हिमनग आणि ओझोनचा थर यांवरची नेटवरून उतरवलेली पाने जमा करून मार्क मिळत असतील, तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही.

येवला पर्जन्यछायेतला तालुका. पालखेड कालव्याचे आवर्तन जिथे पोचते तिथे निदान आशा असते. राजापूर, ममदापूरच्या बाजूला सारी भिस्त पावसावर आणि विहिरीवर. इथला खडक काळा बेसाल्ट. पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून विहीर पावसाळ्यात लवकर भरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तितक्याच लवकर तळ गाठते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. उरलेल्या विहिरींची नोंद कोण ठेवणार? पर्जन्यमापकही साधारणपणे महसूल मंडळाला एक. एका गावात नाला वाहतो, शेजारच्या गावात ढेकूळही भिजत नाही, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. कागदावर मात्र दोन्ही गावांचा पाऊस सारखाच.

कांद्याचेही तेच. उळे टाकले की मुसळधार पावसाने रोप बसते. उन्हाळ कांदा काढायला यावा तर अवकाळी किंवा गारपीट. भिजलेला माल चाळीत सडतो, कोंब धरतो. राजगुरुनगरला कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. पण नगरसूलच्या चाळीत कोणत्या आठवड्यात किती उष्मा, किती दमट हवा होती आणि त्यात किती किलो कांदा फेकावा लागला, हा हिशेब गावातच ठेवावा लागेल. त्याला तापमापक, वजनकाटा आणि वही एवढेच लागते.

हे काम महाविद्यालयीन मुलांचे आहे. यांतली कितीतरी मुले शेतकऱ्यांच्याच घरची. प्रत्येकाने आपल्या गावची एक विहीर किंवा एक चाळ घ्यावी, टेपने पाणी मोजावे, तारीख टाकून लिहावे आणि पुढच्या वर्षी तीच वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. दहा वर्षांत तालुक्याकडे स्वतःची अशी नोंद उभी राहील, जी आज कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतो आणि त्यावरून पिके ठरवतो. एका गावाला जे जमते, ते विद्यापीठाच्या बळावर तालुक्याला का जमू नये?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अशा नोंदींना प्रकल्पाचे पूर्ण गुण द्यावेत आणि त्या एकत्र जपाव्यात. प्राचार्यांनी त्या दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याची व्यवस्था करावी. पावसाळा सरला की विहिरी भरलेल्या असतात. पहिली नोंद येत्या ऑक्टोबरमध्येच झाली पाहिजे.