औषधापूर्वी पाणी व खाद्य पाहावे

पहाटेच्या वेळी शेततळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, की अनेक मत्स्यपालक औषधाच्या दुकानाची वाट धरतात. वास्तविक ही बहुधा पाण्यातील प्राणवायू घटल्याची खूण होय. अशा वेळी खाद्य तात्काळ थांबवून तळ्यात ताजे पाणी सोडावे किंवा पाणी घुसळावे. औषधाने प्राणवायू वाढत नाही.

माशांच्या इतर पुष्कळ दुखण्यांचे मूळही पाण्यात व खाद्यातच असते. गाईच्या पोटातील सूक्ष्म जीव वैरण पचवितात, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. माशाच्या आतड्यातही असे जिवाणू असतात. रोहू व कटला यांना निराळे जठर नसते; अन्न सरळ आतड्यात उतरते. तेथील काही जिवाणू पिष्ट व प्रथिने पचविण्यास साहाय्य करतात, तर काही ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. बोटुकलीस हे जिवाणू सभोवतालच्या पाण्यातून व खाद्यातून मिळतात. म्हणून खाद्य व पाणी बदलले, की ही वस्तीही बदलते.

शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग देण्याची रीत चांगली आहे. मात्र पेंड बुरशीची नसावी. बुरशीच्या विषाने यकृत बिघडते. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३ इतके, ठरल्या वेळी, टोपलीत ठेवून द्यावे. टोपलीत शिल्लक राहिल्यास दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. उरलेले खाद्य तळाशी कुजते, प्राणवायू खाते व अमोनिया वाढविते. उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. परंतु त्यांनाही प्राणवायू लागतो. तो संपला, की त्यांचे काम मंदावते आणि विषारी अमोनिया साचतो.

अंबरनाथ तालुक्यातील पालेगावासारख्या गावी पाण्याचा विचार अधिक काटेकोरपणे केला पाहिजे. अंबरनाथ व उल्हासनगर येथून वाहणाऱ्या वालधुनी नदीत कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी मिसळत आले आहे. असे पाणी तळ्यात घेणे म्हणजे उपकारक जिवाणूंचा नाश ओढवून घेणे होय. विहिरीचे किंवा पावसाचे स्वच्छ पाणी घ्यावे. पहिल्या पावसाचा रस्त्यावरचा लोंढा बांध घालून बाहेर वळवावा.

औषधाने गुण लवकर येतो, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु एरोमोनास जातीचे जिवाणू साध्या तळ्यातही असतात. मासा अशक्त झाला, की ते व्रण पाडतात. प्रतिजैविकाने उपकारक जिवाणूही मरतात, आणि जे रोगजंतू तगतात त्यांच्यावर पुढे तेच औषध चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या वापरास तर मत्स्यसंवर्धनात बंदीच आहे. दुकानात मिळणारी उपयुक्त जिवाणूंची पूडही घाणेरड्या पाण्यात फारशी टिकत नाही.

यास्तव ग्रामसेवकाने तळ्यावर जाताच प्रथम पाण्याचा रंग व वास, टोपलीतील शिल्लक आणि पेंडीचे पोते पाहावे, व त्याची नोंद मत्स्यपालकाच्या वहीत करवून घ्यावी. एवढे करूनही मासे मरत राहिल्यास ताजा मेलेला मासा व बाटलीभर पाणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास दाखवावे. औषधाचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.