हिरवा कोणता? पिस्ता की शेवाळी?

घराला रंग द्यायचा ठरला की शेडकार्डावरचे दोन फिकट हिरवे घेऊन मंडळी दवाखान्यात विचारायला येतात, 'डॉक्टर, डोळ्यांना कोणता बरा?' डोळ्यांना दोन्ही सारखेच. मात्र मळकट शेवाळी उजेड खातो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत पिस्ताच द्यावा, रात्री उठताना उंबरा दिसतो. शिवाय शेवाळीवर ओलीची बुरशी लवकर नजरेस येत नाही, आणि दमेकऱ्याला तीच बाधते.

पण माझ्या मते शेडपेक्षा घासकामाची चौकशी अधिक करावी. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे दशलक्षात ९० भागांहून अधिक शिसे असलेला घरगुती रंग बनवण्यास बंदी आहे. जुन्या दारा-खिडक्यांवरचा ऑइलपेंट मात्र बहुधा त्याआधीचा. तो कोरडा घासला की शिशाची धूळ फरशीवर बसते, रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला अपाय करते. तेव्हा पाणी लावून वॉटर पेपरनेच घासायला सांगा, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलांना आणि गरोदर सुनेला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा. वेळ लागतो म्हणून पेंटर कुरकुर करील. करू द्या.