गाडी नजरेत भरण्याआधी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भाच्याचा रात्री साडेदहाला फोन आला. ‘मामा, मडगावला एक सॅन स्टॉर्म विकायला आहे. लाल रंगाची. उद्या पहाटे निघतोय, येशील का?’ तो माझ्या वयाचा विचार करीत नव्हता, गाडीशिवाय कशाचाच करीत नव्हता. मी होय म्हणालो. बँकेतली नोकरी सुटली तरी दुसऱ्याचा व्यवहार तपासण्याची खोड सुटत नाही.

तरुण वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही दोन आसनांची उघडी मोटार. वर कापडी टप, अंगाला फायबरग्लास, आत रेनोचे ११४९ सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. परदेशी स्पोर्ट्‌स कारशेजारी ते किरकोळच. पण मारुती ८०० दारात आली तरी पेढे वाटणाऱ्या त्या काळात आपल्या शेजारच्या गोव्यात अशी गाडी बनते, याचेच अप्रूप होते. फार थोड्या बनल्या, आता बनत नाहीत. म्हणून जी उरली आहे तिच्यावर पोरे जीव टाकतात. आणि जीव टाकलेल्या माणसाला जुनी वस्तू विकणे हा जगातला सर्वांत सोपा धंदा आहे.

सुदैवाने भाच्याने सोबत एक मेस्त्री घेतला होता. त्या माणसाकडून मी जे शिकलो ते सांगण्यासारखे आहे. त्याने पहिल्यांदा गाडीकडे पाहिलेच नाही, बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम असेल तर मालकाने आपण येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवले आहे असे समजावे. थंड इंजिनच खरे बोलते. स्टार्टर मारल्यावर मागून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडून आत लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. मग चढावर, वरच्या गिअरमध्ये त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच संपला. हौसेच्या गाडीत क्लच आणि ब्रेक आधी संपतात, कारण ती चालवणारा क्वचितच सावकाश चालवतो.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेले हे टायर अकरा वर्षांचे निघाले. कमी चाललेल्या गाडीचे रबर असे बसल्या जागी म्हातारे होते. टायमिंग बेल्टचे तेच, पेट्रोलच्या नळ्यांचे तेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ते जुन्या रबराला मानवत नाही. त्या नळ्या बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

पत्र्याच्या गाडीवर लोहचुंबक फिरवतात. तो जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी भरलेली असते. इथे अंगच फायबरचे, चुंबक बिचारा काय करणार? फायबर गंजत नाही, पण तडकते. बिजागऱ्यांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा त्याने टॉर्च लावून शोधल्या. आणि मग अंगणात सरळ पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. वरचे अंग गंजत नाही म्हणून खालची लोखंडी चासी गंजत नाही असे नाही, आणि समुद्राकाठी तर नाहीच. शेवटी मला आत बसवून टपावर बादलीभर पाणी ओतले. माझा डावा खांदा भिजला. पुराच्या गाड्यांची खूणही त्याने तेव्हाच सांगितली. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, टोकाला गाळाची रेघ दिसते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या पुढे धुऊनपुसून विकल्या गेल्या. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात पाणी भरल्यावर तो धोका पुन्हा आलाच.

गाडी पास झाली. भाचा चेकबुक काढू लागला. मी आरसी मागितली. तिच्यावर एका बँकेच्या नावाने नजरगहाण चढलेले होते. मालक हसले. ‘अहो, ते कर्ज केव्हाच फिटलं. ती बँकसुद्धा आता दुसऱ्या बँकेत गेली. कोण विचारतंय?’

कोण विचारतो ते मला ठाऊक होते, कारण एकेकाळी विचारणारा मीच होतो.

१९९६ साली मी एका शाखेत वसुली पाहत होतो. एका मारुतीचे हप्ते थकले होते. गाडी सापडली ती कर्जदाराकडे नव्हे, एका शाळामास्तरांच्या दारात. त्यांनी ती पूर्ण पैसे मोजून घेतली होती. पुरावा म्हणून त्यांच्याकडे स्टॅम्पपेपर होता आणि आरटीओच्या कोऱ्या फॉर्मांवर विक्रेत्याच्या सह्या होत्या. ‘कर्ज फेडतो, मग नाव करून देतो’ या शब्दावर त्यांनी फंडातून काढलेली रक्कम दिली होती. कायद्याने बँकेची बाजू बिनतोड होती. आम्ही गाडी नेली. नेताना आतल्या सामानाची यादी करायची असते. मी लिहिले: छत्री एक, मुलाची पाण्याची बाटली एक. मास्तरांनी त्या यादीवर सही केली आणि विचारले, ‘साहेब, माझं चुकलं कुठे?’ मी उत्तर दिले नाही. एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, पण तो प्रसंग मला कुठेही लिहिता आला नाही.

त्यांचे चुकले ते एवढेच की त्यांनी गाडी पाहिली, कागद पाहिला नाही. आता तेवढी सबब राहिलेली नाही. सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणी, विमा, नजरगहाण हे सारे पाहता येते. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत आणायचे, आपल्या राज्याचा कर भरायचा. मग फॉर्म २९ आणि ३०. नाव बदलले की विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, ती कधीपर्यंत आहे तेही पाहायचे. आणि विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी विकली म्हणून तो सुटत नाही.

पण सारा दोष खरेदीदाराच्या उतावळेपणावर टाकून मी हात झटकणार नाही. कर्ज देताना बोजा चढवायला आम्ही बँकवाले कधी विसरलो नाही. उतरवायचे काम मात्र कर्जदारावर सोडून दिले. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून नियम लावला आहे, की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करावेत, बोजा काढावा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यावेत. उशिराने का होईना, योग्य झाले. पण त्याआधी फिटलेल्या असंख्य कर्जांचे काय? २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणांत किती शाखांच्या पाट्या बदलल्या! जुनी खाती आज ज्यांच्याकडे आहेत त्या बँकांनी स्वतःहून ही दप्तरे साफ करावीत. फिटलेल्या कर्जाची खूण आरसीवर तशीच राहू देणे हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो.

मी मालकांना म्हटले, पत्र आणा, आम्ही थांबतो. आठव्या दिवशी ती गाडी कुणीतरी रोख देऊन नेली. भाचा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. मलाही वाईट वाटले, गाडी खरोखरच देखणी होती.

परवा त्याने मोबाइलवर एका दुसऱ्या गाडीचे फोटो पाठवले. पहिला फोटो आरसीचा होता.