पाऊण लिटर आणि थ्री बाय फोर

दिवाळीच्या दिवसांत कडू बोलू नये, असे आमच्या घरी सांगत. पण कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावल्याखेरीज नरकचतुर्दशीचा फराळ मिळत नसे, तोही त्याच घरी. वाचकांनी हा लेख त्या कारिटासारखा समजावा. आधी चाखावा, मग खुशाल करंजीकडे वळावे.

मी कादंबऱ्या लिहितो आणि पोट भरण्यासाठी पोरांना गणित शिकवतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा माझ्या बोलण्याला विद्वत्तेचे वजन नाही. खडूची धूळ मात्र पुष्कळ आहे.

आमच्या शाळेचा पट घटू लागला तेव्हा पालकसभा भरली. ठराव एकच होता : पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे. याला हल्ली ‘सेमी’ म्हणतात. पाटी मराठी शाळेची आणि आतला माल निम्मा परका. मी तावातावाने विरोध केला. एक बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, तुमची मुलगी कुठे शिकते हो?” मी खाली बसलो. माझी मुलगी सेमीतच शिकते. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करणारा मी एकटाच होतो आणि मला तोंड उरले नव्हते.

पुढे काय झाले ते ऐका. वर्गात एक मुलगी आहे. सकाळी घरोघर दुधाचे रतीब घालून शाळेत येते. पाऊण लिटर एका घरी, सव्वा लिटर दुसऱ्या घरी. दोन्ही मिळून दोन लिटर, हे ती चालता चालता सांगते. तिलाच मी फळ्यावर विचारले, “थ्री बाय फोर प्लस फाइव्ह बाय फोर?” तिने वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे मिळवले आणि लिहिले, एट बाय एट. म्हणजे एक! सकाळी दोन लिटर घालणारी पोर दुपारी एका लिटरवर आली. मधले लिटरभर दूध कोणी सांडले?

कोणी म्हणेल, ही चूक मराठीतही मुले करतात. करतात ना! पण मराठीत मला एवढेच म्हणावे लागते, “अगं, पाऊण आणि सव्वा किती?” की ती जीभ चावून फळा पुसते. थ्री बाय फोरच्या मागे तिचे कुठलेच घर नाही, कुठलाच रतीब नाही. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणणाऱ्या आजोबांच्या नातीला आम्ही अपूर्णांकांत परकी करून ठेवली. छेद म्हटले की काही कापले गेल्याचे तिला कळते. डिनॉमिनेटर म्हटले की स्पेलिंग आठवते. व्हॉल्यूम म्हणजे तिच्या लेखी मोबाइलचा आवाज, आणि पॉवर म्हणजे जी पावसाळ्यात जाते ती.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा केवढा गहजब झाला! मराठी बुडाली म्हणून लेख आले, विधानसभेतही विषय गाजला. उत्तम. पण ज्या घरांतून आवाज उठला, त्यांतल्या किती घरांतली मुले ‘ट्वेन्टी वन’ म्हणत होती? एका शब्दासाठी आपण भांडलो आणि विषयच्या विषय मुकाट्याने देऊन बसलो.

हा प्रयोग नवा नाही. मलेशियात २००३ साली सरकारने शाळांतले गणित आणि विज्ञान मलायऐवजी इंग्रजीतून शिकवायला घेतले. हेतू चांगलाच होता. पण शहरातल्या आणि खेड्यातल्या मुलांतले अंतर वाढले. मार्च २००९ मध्ये क्वालालंपूरला निषेधाचा मोर्चा निघाला. त्याच्या अग्रभागी सत्तरी ओलांडलेले कादंबरीकार ए. समद सैद होते, आणि त्या मोर्चावर अश्रुधूर सोडण्यात आला. त्याच वर्षी जुलैत सरकारने धोरण मागे घेतल्याचे जाहीर केले. २०१६ पासून तिथल्या काही शाळांना पुन्हा इंग्रजीची मुभा मिळाली, हेही खरे. पण अंतर वाढते, हा धडा त्यांनी एकदा किंमत मोजून घेतला. आपण तो फुकट मिळत असताना घेत नाही.

“मराठीत शब्दच नाहीत,” असे सांगणाऱ्यांना एवढेच सांगतो की, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली वारले, त्यापूर्वीच त्यांनी शून्यलब्धिगणितावर मराठीत लिहून ठेवले होते. मात्र आमच्या बाजूचे पंडितही निर्दोष नाहीत. पोराला ओळंबा, काटकोन, घनफळ देण्याऐवजी त्यांनी दात पडतील असले संस्कृत शब्द घडवले आणि घाबरलेली पोरे इंग्रजीच्या आसऱ्याला पळाली.

आणि पालक मूर्ख नाहीत. त्या बाईंना ठाऊक आहे की, बारावीनंतर डॉक्टरकीची आणि इंजिनिअरिंगची पुस्तके इंग्रजीत असतात. ही भीती मलाही होती, म्हणून तर मी मुलीला तिकडे घातले. पण त्या भीतीवर उपाय इंग्रजी चांगले शिकवणे हा आहे. गणित वाईट शिकवणे हा नव्हे. इंग्रजीला पहिलीपासून चांगला शिक्षक द्या. गणित-विज्ञान आठवीपर्यंत मराठीत ठेवा आणि पाचवीपासून प्रत्येक संज्ञेशेजारी तिची इंग्रजी बहीण बसवा. नववीला ज्याला जायचे त्याने जावे. तोवर त्याच्या गाठीला काहीतरी असेल. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेचाच आग्रह धरते.

माझी मुलगी पूर्वी दिवसाला वीस वेळा “का?” विचारी. आता ती “बाबा, हे परीक्षेला आहे का?” एवढेच विचारते. ही फिर्याद मी कोणावर करू? अर्ज माझ्याच सहीचा आहे.

आता एक करा. चकल्या तळताना पोराला जवळ बोलवा. चकली तेलात सोडली की भोवती बुडबुडे का येतात आणि थोड्या वेळाने ते कमी का होतात, हे विचारा. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि पाणी सरले की बुडबुडे सरतात, असे त्याने कुठल्याही भाषेत सांगितले तर त्याला पहिली चकली द्या. पण त्याने पुस्तकातली इंग्रजी व्याख्या धडाधड म्हटली आणि कढईकडे पाहिलेच नाही, तर पुढच्या पालकसभेला माझ्या शेजारी येऊन बसा. खुर्ची रिकामी आहे.