नाव नको, काम बघून प्रकल्प निवडा

फेब्रुवारीत 'गूगल समर ऑफ कोड' या मुक्त सॉफ्टवेअरच्या उन्हाळी उपक्रमात सहभागी संस्थांची यादी जाहीर होते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची धांदल सुरू होते. बायोडेटावर झळकेल असा सर्वांत मोठा प्रकल्प कोणता, एवढीच चौकशी. लिनक्सच्या ड्रायव्हर विकासात उतरू पाहणाऱ्यांना माझं सांगणं वेगळं आहे: जे काम स्वतःच्या टेबलावर तपासता येईल, तेच घ्या.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा कोड. समोर यंत्रच नसेल तर सगळा मामला अंदाजपंचे. यंत्र असून त्याची माहिती नसेल तरी तेच. ग्राफिक्सचंच बघा. एन्विडियाच्या कार्डांसाठी लिहिलेला 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर बराचसा कार्डांचं वर्तन बाहेरून उलगडत उभा राहिला. त्यात जाणत्या मंडळींची वर्षं गेली. एका उन्हाळ्यात तिथं नवख्याच्या हाती फारसं लागत नाही.

याउलट आयआयओ ही सेन्सर आणि एडीसी चिप सांभाळणारी कर्नलची उपप्रणाली. लिनक्स फाउंडेशनच्या प्रकल्पांत ती अनेकदा असते. एक चिप घ्यायची, तिची डेटाशीट वाचायची, ड्रायव्हर लिहायचा आणि मुख्य कर्नलमध्ये पोचवायचा. सरावाला एमपीयू-६०५० हा स्वस्तातला सेन्सर पुरे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच. चार तारांनी तो रास्पबेरी पायला जोडा. त्याच्या 'हू ॲम आय' रजिस्टरमधून हेक्साडेसिमल ६८ आलं, की चिप ओळख देतेय हे कळतं. मग डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कर्नलला जोडलेली यंत्रं सांगणाऱ्या वर्णनात, नोंद करून ड्रायव्हर चालू करा आणि बोर्ड हातात धरून तिरका करा. सिसएफएसमधल्या, म्हणजे कर्नल ड्रायव्हरची माहिती जिथं दाखवतो तिथल्या, फाइलीतला आकडा लगेच बदलतो. आपण लिहिलेली ओळ बरोबर की चूक, हे असं जागच्या जागी कळलं पाहिजे.

चिप, बोर्ड घ्यायला पैसे नसतील तरी वाट आहे. व्हीकेएमएस हा ड्रायव्हर खरा डिस्प्ले नसताना तो असल्याचं भासवतो. त्याचं काम साध्या व्हर्च्युअल मशीनवर होतं. २०१८ साली आउटरीची आणि समर ऑफ कोड या दोन उपक्रमांतून आलेल्या नवोदितांनीच त्याची उभारणी केली. कर्नलच्या ग्राफिक्स विभागात करायच्या कामांची यादीही आहे आणि प्रत्येक कामापुढे ते सोपं, मध्यम की अवघड हे लिहिलेलं असतं.

यंत्राइतकाच मार्गदर्शक महत्त्वाचा. गेल्या काही महिन्यांत त्यांनी नवख्यांचे पॅच तपासले आहेत का, चुका सविस्तर सांगितल्या आहेत का, हे बघा. एकच पॅच दुरुस्त करून तीन-चारदा पाठवावा लागणं इथं नेहमीचं आहे. पण उत्तरच येत नसेल तर महिने वाया जातात. तसंच कामाचे तुकडे पडतील असा प्रकल्प घ्या. पहिला तुकडा मुख्य शाखेत गेला की तो कायमचा तुमचा. सगळं शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर पदरी काहीच पडत नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी एवढं कराच: निवडलेल्या उपप्रणालीत एक छोटी दुरुस्ती शोधा, चेकपॅच या कर्नलच्या तपासणी स्क्रिप्टमधून तपासून घ्या आणि पाठवा. तिला मिळणारं उत्तर वाचून प्रकल्प ठरवा. यादीतलं वर्णन वाचून ठरवू नका.