राफ्टिंगचे कपडे घरूनच घालून निघा

कोलाडला राफ्टिंग करायचं तर नदीच्या वेळेने चालावं लागतं. ज्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने 1921 मध्ये सत्याग्रह केला, त्याच धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून मे महिन्यात कोकणातल्या इतर नद्यांचे गोटे उघडे पडलेले असताना कुंडलिकेत राफ्ट चालवता येते. पाणी सकाळी सुटतं, त्यामुळे मंडळी पहाटे अंधारातच निघतात. पुण्याची ताम्हिणी घाटातून, मुंबईची पेण-नागोठण्यावरून. अर्धवट झोपेत हाताला लागेल ते अंगावर चढतं. जीन्स, सुती टी-शर्ट, पायात स्लीपर. नदीवर पोचल्यावर राफ्ट तयार असते, गाइड घाई करत असतो आणि कपडे बदलायची सोय बहुतेक वेळा नसते.

कपडे निवडताना एकच प्रश्न विचारावा: आपण पाण्यात पडलो तर हे अंगावर असलेलं चालेल का? कुंडलिकेचा सुमारे 12 किलोमीटरचा हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे नवख्यांना झेपणारा आहे. पण झेपणाऱ्या पाण्यातही माणसं राफ्टमधून पडतात. पडल्यावर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे आणि उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, हे गाइड सुरुवातीलाच सांगतो. उभं राहिलं आणि पाऊल दोन दगडांत अडकलं, तर गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला आडवं करून दाबून ठेवू शकतं.

जीन्सची खरी अडचण इथेच कळते. ती माणसाला बुडवत नाही, पण भिजली की मांड्यांना चिकटते आणि पाय मारू देत नाही. राफ्टमध्ये परत ओढून घेताना तिच्यात मुरलेलं सगळं पाणी ओढणाऱ्याच्या हातावर येतं. सुती कापडाचा त्रास वेगळा. ते लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतं. पाण्यात शरीराची उष्णता हवेच्या तुलनेत सुमारे 25 पट वेगाने जाते. कोकणातल्या उन्हाळ्यात हे फारसं जाणवत नाही. पण चारधामला जोडून ऋषिकेशला राफ्टिंग करणारी मराठी कुटुंबं पुष्कळ असतात, आणि तिथलं हिमनद्यांचं पाणी भर उन्हातही हुडहुडी भरवतं. दोन्हीकडे चालेल असा साधा पोशाख म्हणजे व्यायामाला वापरतात तसा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि अंगाबरोबर बसणारी ट्रॅक पँट किंवा लेगिंग. पूर्ण बाह्या आणि लांब पँट उन्हासाठी हव्यात. राफ्टवर सावली नसते आणि पाण्यावरून परतणारं ऊन गुडघे आणि पावलं भाजून काढतं. सनस्क्रीन निघण्याआधी लावावं, मात्र तळहातांना नको, वल्हं निसटतं.

पायात टाचेला पट्टा असलेले फ्लोटर किंवा नाडीचे जुने बूट हवेत. राफ्टमध्ये तोल राखायला एक पाऊल रबरी नळीखाली खोचून बसावं लागतं. दर हेलकाव्याला ते तिथे घासतं, आणि अनवाणी असेल तर परतीला बोटांची सालं निघालेली असतात. स्लीपर पहिल्याच मोठ्या लाटेत जाते. मग उतरताना काठावरच्या गोट्यांवरून अनवाणी चालावं लागतं. अशाने पायाला जखम होते, आणि पावसाळ्यात ती जास्त धोक्याची. गोव्यात सत्तरीतल्या म्हादईवर राफ्टिंग पावसाळ्यात चालतं. पावसाळी गढूळ पाणी आणि पायाला जखम हा लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचा ठरलेला रस्ता आहे. जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये.

चष्मा इलॅस्टिकच्या पट्ट्याने डोक्यामागे बांधावा. अंगठ्या, कानातली लोंबती, लांब मंगळसूत्र घरी राहिलेलं उत्तम, कारण जॅकेटच्या बकलात आणि राफ्टच्या दोरीत हेच आधी अडकतं. मंगळसूत्र काढायचं नसेल, तर आखूड घालून टी-शर्टच्या आत ठेवता येतं. ओढणी मात्र नकोच. मोबाइल आणि गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे द्यावी. दम्याचा पंप असेल तर तो मागे ठेवू नये. गाइडला सांगून त्याच्या पाणबंद पिशवीत टाकावा आणि कोणासाठी आहे तेही सांगावं.

या सगळ्याच्या वर येतं लाइफ जॅकेट. ते आयोजक देतो, पण नीट बसलंय की नाही हे घालणाऱ्याने पाहायचं. बहुतेक प्रौढांना तरंगायला 3 ते 5 किलोंचा आधार पुरतो, जॅकेट तेवढा सहज देतं. अट एवढीच की ते अंगाला घट्ट असावं. कमरेपासून वर एकेक पट्टा आवळावा आणि शेजाऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगावं. ते कानांपर्यंत सरकलं तर सैल आहे. फोटोत बांधा दिसावा म्हणून पट्टे सैल सोडणारी तरुण पोरं दर सुट्टीला दिसतात, आणि ते बघवत नाही.

यात सगळा दोष पर्यटकांना देणं अन्यायाचं आहे. बुकिंग एकजण करतो आणि सूचना आल्याच तर त्याच्या फोनवर येतात, बहुधा इंग्रजीत. मिनीबसमधल्या मावशी, वहिनी, सोबतची मुलं यांच्यापर्यंत त्या पोचत नाहीत. म्हणून सलवार-कमीज घालून आलेली बाई काठावर बसून राहते, किंवा तशीच पाण्यात उतरते. पहिल्यात तिचा दिवस वाया जातो, दुसऱ्यात तिचा जीव धोक्यात येतो. चार ओळी मराठीत लिहून प्रत्येकाला पाठवायला आयोजकाला पैसा लागत नाही. काठावर वेगवेगळ्या मापांचे जुने बूट ठेवायलाही फार लागत नाही.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. नोंदणीच्या वेळी जॅकेटं आणि हेल्मेटं जरूर तपासावीत. पण बायकांना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, हेही तपासणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावं. ती नसते म्हणूनच कित्येकजणी घरून निघाल्या त्या कपड्यांत पाण्यात उतरतात आणि ओल्या अंगाने चार तास गाडीत बसून परततात.